चार वर्षं, त्यातले सोळा महिने

सप्टेंबर २०१७ मध्ये इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या, कोर्टाने एका विशीतल्या तरुणाला चार वर्षांची शिक्षा सुनावली. सोळा महिने भरले की उरलेली शिक्षा स्थगित. आदल्या सप्टेंबरात अटक झालेली, म्हणजे हिशेब सोपा होता: येत्या जानेवारीत हा बाहेर. निकाल बातम्यांत आला आणि आमच्या लोगनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. शाळेच्या गेटवर तेच, कोल्स सुपरमार्केटच्या रांगेत तेच, ऑफिसच्या किचनमध्ये तेच. एरवी इथली माणसं अनोळखी माणसाशी हवामान आणि रग्बी लीग याच्यापुढे जात नाहीत. त्या संध्याकाळी पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावरच्या बाईने ओळख ना पाळख, थेट मला विचारलं, "ऐकलंस का? सोळा महिने!" टाकी भरून पंप कधीच बंद झाला होता, तरी तिने नळी हातात तशीच धरली होती.

प्रकरण टियाली पामरच्या खुनाचं. इथे तिला सगळे टिया म्हणतात. बारा वर्षांची, मार्सडेन स्टेट हायस्कूलमध्ये शिकणारी मुलगी. लोगन म्हणजे ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट यांच्या मधलं शहर, दोनशेहून जास्त वंशांची माणसं इथे राहतात, आपल्यासारखी नवी आलेली कुटुंबंही बरीच. टिया राहायची ती चेंबर्स फ्लॅटला, शहर संपून मोठमोठ्या मोकळ्या जागांची घरं सुरू होतात तिथे. घर तिच्या आईचं नव्हतं. ते फॉस्टर कुटुंब होतं.

तिकडच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगायला हवेत. इथे एखादं मूल स्वतःच्या घरात सुरक्षित नाही असं दिसलं की चाइल्ड सेफ्टी खातं त्याला दुसऱ्या कुटुंबात ठेवतं, कधी चार दिवस, कधी सज्ञान होईपर्यंत. हे दत्तक घेणं नाही. जन्मदाते आईवडील कायद्याने आईवडीलच राहतात, आणि घरची घडी बसली तर मूल परत जातं. आजोळी ठेवलेल्या मुलासारखंच म्हणा ना, फक्त हे आजोळ सरकारने शोधून दिलेलं आणि तिथे ओळखीचं कुणी नाही. सांभाळणाऱ्यांना पगार नसतो, मुलाच्या खर्चासाठी पंधरवड्याला भत्ता मिळतो. बहुतेक लोक हे काम मनापासून करतात, हे मी पुढे सांगणारच आहे.

टिया त्या घरात २०१५ च्या जानेवारीत आली. ३० ऑक्टोबर २०१५ ला फॉस्टर वडिलांनी, रिक थॉर्बर्न यांनी, ती हरवल्याची तक्रार केली. सकाळी मी तिला शाळेत सोडलं, असं त्यांचं म्हणणं. ५ नोव्हेंबरला मासे पकडायला गेलेल्या लोकांना पिंपामा नदीच्या काठी तिचा मृतदेह सापडला. मधल्या दिवसांत बारा वर्षांची मुलगी बेपत्ता आहे हे गावाला धड माहीतही नव्हतं. सरकारच्या ताब्यातल्या मुलाची ओळख जाहीर करायची नाही असा कायदा, आणि त्या गोपनीयतेच्या घोळात फोटो लावून आवाहन करायला उशीर झाला. मुलांच्या संरक्षणासाठी केलेला नियम नेमका अशा वेळी आडवा आला. कायदा नंतर बदलला.

थॉर्बर्न कुटुंबाला अटक व्हायला जवळजवळ वर्ष गेलं, सप्टेंबर २०१६ उजाडला. तेव्हा सगळं बाहेर आलं. त्या घरातल्या एका मुलाने, नुकताच सज्ञान झालेला तो, टियावर लैंगिक अत्याचार केला होता. ते घरात कळलं. आपला मुलगा तुरुंगात जाईल म्हणून बापाने टियालाच संपवलं. आणि मग आई, दोन मुलगे, बाप अशा चौघांनी एकच गोष्ट पाठ केली: तिला सकाळी शाळेत सोडलं होतं.

या तपशिलात मी याहून खोल जाणार नाही. मला बोलायचंय ते शिक्षांबद्दल, आणि लोक नेमके कशावर चिडले त्याबद्दल.

शिक्षा एकदम झाल्या नाहीत, हप्त्याहप्त्याने झाल्या. खोटी साक्ष आणि न्यायाच्या कामात अडथळा यासाठी एका मुलाला पंधरा महिने, प्रत्यक्षात तीन महिने आत. दुसऱ्याला, ज्याने अत्याचार केला त्याला, वर सांगितलेली चार वर्षं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आईला अठरा महिने, त्यातले सहा आत. आणि मे २०१८ मध्ये बापाला जन्मठेप, वीस वर्षांआधी पॅरोलचा, म्हणजे अटींवर बाहेर येण्याचा, अर्ज करायचा नाही.

म्हणजे दर थोड्या महिन्यांनी एक आकडा यायचा आणि लोक नव्याने पेटायचे. मला तेव्हा नवल वाटलं होतं की सगळ्यात जास्त राग खुन्याच्या शिक्षेवर नव्हता. त्याची जन्मठेप सगळ्यात शेवटी आली, आणि तिच्यावर "वीसच का?" एवढीच कुरबूर झाली. क्वीन्सलँडमध्ये एका खुनासाठी कायद्याने किमान वीस वर्षं आहेत, कोर्टाने तीच दिली. खरा भडका आधीच उडून गेला होता, त्या सोळा, सहा आणि तीन महिन्यांवर. अपील करा म्हणून ऑनलाइन सह्या गोळा झाल्या, रेडिओवर फोन करणारे ओरडत होते. शिक्षा काही बदलली नाही. अत्याचार करणारा मुलगा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर आला.

कोर्टाचा हिशेब कागदावर बघितला तर चुकलेला वाटत नाही, हीच तर पंचाईत. फॉस्टर आई आणि तिचा दुसरा मुलगा यांच्यावर टियाच्या मृत्यूचा आरोप नव्हताच. ते दोषी ठरले ते क्राइम अँड करप्शन कमिशन या राज्याच्या तपास संस्थेच्या बंद दाराआडच्या चौकशीत शपथेवर खोटं बोलले म्हणून, पोलिसांना चुकीच्या वाटेने फिरवलं म्हणून. म्हणजे कायद्याच्या वहीत त्यांनी गुन्हा केला तो न्यायव्यवस्थेचा. मुलीचा नव्हे. त्यात गुन्हा कबूल केला की शिक्षेत सूट, वय कमी म्हणून सूट, आधी काही गुन्हा नाही म्हणून सूट, आत काढलेले दिवस वजा. एकेक वजाबाकी बरोबर, आणि शेवटी उरलेला आकडा बघून पेट्रोल पंपावरच्या बाईला भोवळ यायची वेळ. अत्याचारासाठी लावलेलं कलमही लोकांना झोंबलं, कारण ते कुटुंबातल्या नात्यांमधल्या संबंधांचं कलम होतं. बारा वर्षांची मुलगी आणि "संबंध"? आमच्या शाळेच्या गेटवर एक आजोबा, नातवंडांना न्यायला येणारे, एवढंच म्हणाले की हा कायदा ज्याने लिहिला त्याला कधी नात नसावी.

आमच्या ऑफिसात पगारपत्रकं बघणारी एक बाई आहे, पन्नाशी ओलांडलेली. ती स्वतः फॉस्टर केअरर. तिच्या घरात तेव्हा दोन भावंडं होती, त्यातला लहाना रात्री अंथरूण ओलं करायचा म्हणून ती रोज सकाळी कामाला यायच्या आधी चादरी धुऊन वाळत घालून यायची. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळे तावातावाने बोलत असताना ती संत्रं सोलत गप्प बसली होती. मग कुणीतरी बोलून गेलं, "पैशासाठी करतात हे लोक." तिने संत्र्याच्या फोडी डब्यात परत ठेवल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, "काल शाळेत बाईंनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. बरं केलं विचारलं. टियाला कुणी विचारलं असतं तर." आणि उठून गेली. संशयाची नजर तिला बोचली असणारच, पण तिने तक्रार केली नाही, उलट बाईंनी विचारलं त्याचं तिला बरं वाटलं. त्या टेबलावर सगळ्यात जास्त चिडायचा हक्क तिचा होता, असं मला आजही वाटतं.

आता घरची प्रतिक्रिया. कराडची माझी आत्या तेव्हा आठवड्याला फोन करायची. तिला मी हे सगळं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, फाशी नाही दिली?" आत्या, इथे फाशी नाही, मी म्हटलं. क्वीन्सलँडने ती १९२२ सालीच रद्द केली, ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या राज्यांच्या आधी. "मग कसला आलाय तुमचा न्याय," आत्या म्हणाली आणि कोपर्डीवर आली. योगायोग बघा, इथे आईची शिक्षा झाली त्याच महिन्यात, २९ नोव्हेंबर २०१७ ला, अहमदनगरच्या कोर्टाने कोपर्डीच्या तिघांना फाशी सुनावली होती. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच महिन्यात दोन्ही होतं: गावाकडच्या ग्रुपवर "न्याय मिळाला", इथल्या ग्रुपवर "लाज वाटते". कोपर्डीची फाशी पुढे अमलात आलेली नाही, मुख्य दोषीने २०२३ मध्ये येरवडा तुरुंगात आत्महत्या केली.

आत्याशी मी वाद घातला नाही. मोठ्यांशी फोनवर वाद घालून काय मिळतं, बिल वाढतं. पण मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की फाशी द्या किंवा देऊ नका, हा प्रश्न टियाच्या बाबतीत मुद्द्याला हातच लावत नाही. खुनी एकच होता आणि त्याला कायद्यातली सगळ्यात मोठी शिक्षा मिळाली. लोकांच्या घशाखाली उतरत नव्हते ते बाकीचे तिघे, ज्यांना माहीत होतं.

आणि इथे मला जरा आपल्याकडे बघावंसं वाटतं. थॉर्बर्नांच्या घरात जे बोललं गेलं असेल ते मी ऐकलेलं नाही, पण त्याचं मराठी मला तोंडपाठ आहे. पोराचं आयुष्य बरबाद होईल. चूक झाली, पण आपलाच आहे ना. ती काय, आज आहे उद्या जाईल. घरातली गोष्ट घरात राहू दे. आपल्यापैकी कुणाच्या घरात हे कधीच बोललं गेलं नाही? प्रत्येक वेळी खुनापर्यंत जात नाही, कामवालीच्या मुलीला कामावरून काढून टाकण्यापर्यंत जातं, लांबच्या नात्यातल्या पोरीला गावी परत पाठवण्यापर्यंत जातं. मुलगा मात्र घरातच राहतो आणि पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरतं. लोगनमधल्या गोऱ्या कुटुंबाची ही विकृती आहे म्हणून बाजूला सारायला मी तयार नाही. बाहेरून आलेलं, हक्काचं कुणी नसलेलं मूल आणि घरचा लाडका मुलगा समोरासमोर आले की पारडं कुठे झुकतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून शिक्षेचे आकडे वाढवा ही मागणी मला चूक वाटत नाही, अपुरी वाटते. खोट्या साक्षीला सहाऐवजी साठ महिने ठेवले असते तर ती आई बोलली असती? मला शंका आहे. तिने तुरुंगाचा हिशेब केलाच नसेल, तिने मुलाचा हिशेब केला.

बापाने गुन्हा कबूल केल्यामुळे खटला असा चाललाच नाही. त्यामुळे उलटतपासणी नाही, आणि टिया नेमकी कशी गेली हेही पूर्ण बाहेर आलं नाही. मृतदेहाची अवस्था अशी होती की शवविच्छेदनातून कारण सांगता आलं नव्हतं. त्यासाठी पुन्हा कोरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याची, चौकशी झाली, निष्कर्ष यायला २०२१ उजाडलं. कबुलीमुळे कुटुंबाचा छळ वाचतो असं वकील सांगतात. इथे उलट झालं, टियाच्या माणसांना सहा वर्षं उत्तराची वाट बघावी लागली.

सरकारही हललं, नाही असं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे लोक सगळ्यात जास्त चिडलेले असताना, राज्याच्या शिक्षाविषयक सल्लागार मंडळाला विचारलं गेलं की मुलांच्या मृत्यूच्या प्रकरणांत शिक्षा पुरेशा होतात का. मंडळाने साध्या नागरिकांचे गट बसवून, खऱ्या खटल्यांसारखे नमुने समोर ठेवून त्यांना विचारलं. उत्तर आलं की मूल किती असहाय असतं हे शिक्षेत उतरत नाही. २०१९ मध्ये कायदा बदलला: दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करता केलेलं कृत्यही खुनाच्या व्याख्येत आलं, आणि बारा वर्षांखालचं मूल मेलं तर सदोष मनुष्यवधाची शिक्षा ठरवताना ते वाढीव गांभीर्य म्हणून धरायचं ठरलं. त्याच वर्षी कॅबूल्चरच्या मेसन जेट ली या दोन वर्षांच्याही नसलेल्या बाळाच्या सावत्र बापाची शिक्षा अपिलात नऊवरून बारा वर्षं झाली. तेव्हा ऑफिसातली माणसं खूश होती. संत्रंवाली बाई म्हणाली, तीन वर्षं वाढली, चांगलं झालं, पण चाइल्ड सेफ्टी खात्यात त्या बाळाच्या फाइलवर किती जणांच्या सह्या होत्या ते कुणी मोजलं का?

आमच्या रोजच्या जगण्यात मात्र टिया आली ती दुसऱ्याच वाटेने. त्या सकाळी ती शाळेत नाही हे हजेरीत कळलं असणार, पण लगेच कुणाला कळवायची सक्ती नव्हती. २०१६ मध्ये क्वीन्सलँड फॅमिली अँड चाइल्ड कमिशनने तिच्या नावाने अहवाल काढला, त्यात हा मुद्दा पुढे आला. आता राज्यातल्या सरकारी शाळांना न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाची खबर त्याच दिवशी पालकांना द्यावी लागते. माझ्या मुलाचा असा मेसेज मला मीटिंगमध्ये असताना आला होता. हजेरीच्या वेळी तो ट्रम्पेटच्या तासाला गेला होता, बाकी काही नव्हतं. शाळेत फोन लागेपर्यंतची ती काही मिनिटं मी लिहून दाखवणार नाही. पण फोन ठेवल्यावर मला कळलं की हा मेसेज कुणामुळे येतो. ऑफिसात नव्या लागलेल्या मुलीला ते माहीत नव्हतं. तिला तो सरकारचा चोंबडेपणा वाटत होता.

दुसरी गोष्ट ब्लू कार्ड. मुलांबरोबर काम करायचं, अगदी स्वयंसेवक म्हणूनही, तर सरकारकडून पार्श्वभूमी तपासून घेतलेलं हे कार्ड लागतं. फॉस्टर घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसालाही लागतं. गंमत म्हणावी की काय, चेंबर्स फ्लॅटच्या त्याच घरात फॅमिली डे केअरही, म्हणजे घरगुती पाळणाघरही, चालायचं, म्हणजे सरकारी तपासणीला तिथे तोटा नव्हता. कार्ड भूतकाळ तपासतं, पुढे कोण काय करेल ते त्याला दिसत नाही. तरी ऑगस्ट २०२० पासून नोकरीसाठी "आधी कार्ड, मग काम" असा नियम कडक झाला, आणि इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत दरवर्षी त्यावरून कुरकुर होतेच. बालनाट्य बसवणारे एक काका म्हणाले, "पोरांना नाच शिकवायचा तर आता पोलिसांची परवानगी?" काका सज्जन आहेत. फॉर्म मीच भरून दिला त्यांचा, स्वयंसेवकांना तो फुकट असतो, आणि सहीच्या जागी पेन टेकवून मी म्हटलं, काका, इथे. त्यांनी केली.

महाराष्ट्रातही हा विषय लांबचा नाही. आपल्याकडची बालसंगोपन योजना, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने चालते ती, महिन्याला सव्वादोन हजार रुपये देते. कोविडनंतर त्यासाठी कितीतरी मुलांचे अर्ज झाले. बहुतेक मुलं मामा, काका, आजीकडे असतात. पैसे वेळेवर आले का, यावर बातम्या होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. त्या मुलाशी महिन्यातून एकदा एकट्याशी कोण बोलतं, ही बातमी मी अजून वाचलेली नाही.

रिक थॉर्बर्नचा पॅरोलचा अर्ज २०३६ च्या आधी येऊ शकत नाही. मधल्या काळात, २०२१ मध्ये, इथे आणखी एक कायदा झाला: मुलाचा खून करून जन्मठेप भोगणाऱ्याने पॅरोल मागूच नये असं पॅरोल बोर्डाचे अध्यक्ष एका वेळी दहा वर्षांपर्यंत जाहीर करू शकतात. "वीसच का?" म्हणणाऱ्यांना ते उत्तर पुरेल. मला त्या तिघांबद्दलचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, आणि ते कायद्याच्या पुस्तकात मिळेल अशी माझी अपेक्षाही नाही. त्यांनी आपापली शिक्षा भोगली, कायद्याने ते मोकळे आहेत. ती पेट्रोल पंपावरची बाई पुन्हा भेटली आणि तिने विचारलं की हे तुला पटतं का, तर मी नाही म्हणेन.